घरचा वस्ताद

शरीर राखण्यासाठी पदरचे पैसे खर्चून स्वतःपुरता शिक्षक नेमावा की नाही, हा प्रश्न हल्ली आमच्या मंडळींत वारंवार निघतो. देवळात उत्सवाच्या जमाखर्चासाठी चार महाजन जमले की जमाखर्च बाजूला राहतो आणि कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाच्या रक्तातली साखर यांचीच बैठक भरते. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी 'नियमित व्यायाम' असे दोन शब्द लिहिलेले असतात. कोणता व्यायाम, किती, कोणाच्या नजरेखाली, हे त्या दोन शब्दांत मावत नाही. घरातली तरुण पिढी सुचविते की एक ट्रेनर लावावा. तो घरी येईल आणि गच्चीवर तासभर करवून घेईल. वडील पिढी विचारते की हातपाय आपले, जोर आपणच काढायचे, मग पैसे दुसऱ्याला कशाचे? दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

आम्ही व्यवसायाने वकील. आमच्यापुढे ही गोष्ट बहुधा कराराच्या रूपाने येते, आणि तीही करार मोडल्यावर. परंतु कराराच्या कागदाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावे असे आम्हांस वाटते. कारण पगारी व्यायामशिक्षक ही आजची नवलाई नव्हे. आपल्या लोकांनी हा प्रश्न पूर्वी निरनिराळ्या प्रकारे सोडविला आहे, आणि त्यांच्या त्या सोडवणुकीत आज निवड करू पाहणाऱ्यास पुष्कळ सापडण्याजोगे आहे.

प्रथम वैद्यकाकडे पाहू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचा जो विचार आहे तो आजही डोळ्यांखालून घालावा असा आहे. वय, बळ, शरीराची ठेवण, देश, काळ आणि आहार ही पाहून व्यायाम करावा, न पाहता करील तो रोग ओढवून घेईल, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आणि मात्रा किती? तर अर्ध्या शक्तीची. छातीतला वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे धाप लागून माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धी शक्ती सरली असे समजावे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच मर्यादा सांगून तीस ऋतूची जोड दिली: थंडीत आणि वसंतात अर्धी शक्ती, एरवी त्याहून कमी. अतिरेक करणाऱ्याची गत हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी होते, असा दाखलाही त्याने दिला आहे. लक्षात घेण्यासारखे हे की, मात्रेची खूण या ग्रंथकारांनी व्यायाम करणाराच्या श्वासातच ठेवली. ती ओळखण्यास दुसरा माणूस लागत नाही. वडील पिढीच्या बाजूचा हा पहिला पुरावा म्हणून नोंदवून ठेवू.

राजदरबारात मात्र चित्र वेगळे दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात 'मल्लविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. मल्लांच्या वयाप्रमाणे व ताकदीप्रमाणे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल असे वर्ग त्यात पाडले आहेत. भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम आणि स्तंभश्रम, म्हणजे वजन उचलणे, चालणे, पोहणे आणि खांबावरची मेहनत, असे मेहनतीचे प्रकारही दिले आहेत. आपल्या मल्लखांबाचे मूळ अभ्यासक या स्तंभश्रमात शोधतात. पण प्रकरणाचे नावच 'विनोद' आहे. पोसलेला मल्ल घाम गाळतो आणि पोसणारा राजा आसनावर बसून पाहतो, अशी ती व्यवस्था. आज ती नेमकी उलटी झाली आहे: पैसे देणाराच घाम गाळतो आणि पैसे घेणारा हाताची घडी घालून उभा राहतो. हा बदल कसा घडला तोच आजच्या लेखाचा विषय म्हणावा.

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. त्यांच्याविषयीची आख्यायिका मल्लखांब खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल पुण्यास आले, त्यांनी आव्हान दिले, ते कोणी उचलीना. तेव्हा तरुण बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरी जाऊन खांबावर मेहनत केली आणि परत येऊन कुस्ती मारली. आख्यायिकेतील तपशील इतिहासाच्या कसोटीस किती उतरतील ते असो. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन त्यांच्याकडे जाते यात वाद नाही. १८१८ नंतर पेशव्यांचे बिऱ्हाड गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेले आणि ही विद्याही उत्तरेकडे गेली. तेथे नानासाहेब, तात्या टोपे आणि मोरोपंत तांबे यांची मुलगी मनु यांनी ती शिकल्याचे परंपरा सांगते. ही मनु म्हणजे पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. या परंपरेतली एक गोष्ट आमच्या मनात राहिली आहे. त्या काळी मुलीला मर्दानी विद्या शिकण्याची सोय असलीच, तर ती मोठ्यांच्या वाड्यात, घरी नेमलेल्या गुरूपाशीच असे. गावच्या तालमीचे दार तिला बंद होते. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता ती गावची तालीम. 'वस्ताद' हा शब्द फारसी 'उस्ताद'वरून आला आणि मराठीत इतका मुरला की धूर्त माणसालाही आपण वस्ताद म्हणू लागलो. मारुतीच्या देवळाशेजारी एक बुटक्या दाराची खोली, मध्ये हौदा, त्यात तांबडी माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर कालवलेला. भिंतीशी मुद्गल व जोड्या मांडलेल्या आणि कोनाड्यात मारुतीची तसबीर. दार मुद्दाम बुटके, म्हणजे आत शिरणाऱ्याची मान आपोआप लवते. वस्ताद बहुधा कट्ट्यावर बसलेला असे. तो स्वतः जोर काढीत नसे, मोजीतही नसे. वीस पठ्ठे एका वेळी मेहनत करीत असले तरी कोणाची कंबर खचली, कोण बैठक अर्धी मारतो, कोणाला आज ताप आहे, हे त्याला बसल्या जागी दिसे. तो एखादाच शब्द टाकी. वस्तादाची खरी मिळकत म्हणजे ही नजर. डावपेच दुसऱ्याकडूनही शिकता येत.

या वस्तादाला पैसे कोण देई? कोठे संस्थानिकाकडून मुशाहिरा, कोठे गावची वर्गणी, कोठे नुसते धान्य आणि दूध. पठ्ठा गुरुपौर्णिमेस नारळ, फेटा आणि ऐपतीप्रमाणे काही ठेवी. म्हणून तालीम फुकट होती असे मात्र कोणी समजू नये. तिची किंमत आज्ञापालनात चुकवावी लागे. पहाटे कधी उठायचे, काय खायचे, कोणत्या गावच्या मैदानात उतरायचे, कोणाशी खेळायचे नाही, हे सर्व वस्ताद ठरवी. आजच्या गिऱ्हाईकाला यातले निम्मेही सोसवणार नाही. शिवाय त्या दाराची आम्ही आठवण काढतो ती थोडी निवडक आहे. स्त्रियांना तेथे मज्जाव होता, आणि जातीमुळे बाहेर राहावे लागलेल्या मुलांची संख्याही लहान नव्हती. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी मल्लविद्येस जो राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, त्याने कुस्तीला फार मोठा लोकसमाज मिळाला. परंतु सगळीकडे शाहू छत्रपती नव्हते.

वडोदऱ्याचे उदाहरण या बाबतीत मनाला सुखविणारे आहे. तेथे जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद होऊन गेले. त्यांचे पट्टशिष्य माणिकराव यांनी गुरूच्या मागे आखाडा चालविला, वाढविला आणि त्याला गुरूचेच नाव ठेवले. सयाजीराव महाराजांनी माणिकरावांस 'राजरत्न' केले. त्यांनी तालमीतली एकट्याची मेहनत रांगेत आणली. शेकडो मुले एका आज्ञेसरशी हलू लागली आणि त्या आज्ञा देशी भाषेत दिल्या जाऊ लागल्या. त्याच वडोदऱ्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या अशा रीतीने छापील पानावर आली. ज्यास गुरू मिळाला नाही त्यास पुस्तक तरी मिळावे, ही त्यामागील दृष्टी. कपाटात ते खंड बाळगणारी घरे आम्ही पाहिली आहेत. बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी जोर काढले ते विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही.

पुस्तकावरून आणि टपालाने व्यायाम शिकण्याची लाट मात्र याआधीच युरोपातून आली होती. युजेन सँडो हा मूळचा प्रशियातील क्योनिग्जबर्गचा. नाटकगृहांतून शरीराचे प्रदर्शन करता करता त्याने १८९७ साली लंडनमध्ये व्यायामाची संस्था काढली. त्याचे डंबेल, स्प्रिंगा, पुस्तके आणि टपालाने पाठविलेले पाठ जगभर गेले. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला, आणि १९११ साली त्यास पंचम जॉर्ज राजाच्या व्यायामशिक्षकाचे पद मिळाले. आजच्या स्वतंत्र ट्रेनरचा पूर्वज शोधायचा तर तो हाच. आपल्या अंगाकडे बोट दाखवून 'तुम्हीही असे व्हाल' म्हणणारा, आणि ते होण्याचा दर सांगणारा.

सँडोच्या गिऱ्हाइकांत औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. त्यांची कथा आमच्या प्रश्नावर नेमका प्रकाश टाकते. ते राजघराण्यातले. दहा वस्ताद पदरी ठेवणे त्यांस अवघड नव्हते. तरी त्यांनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधने व पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याबरहुकूम नेमाने व्यायाम केला. अंग कमावले गेले, छाती भरली. पुढे मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळविले. बाळासाहेब वळले ते कायमचे. त्यांनी नमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले, गावोगाव स्वतः करून दाखविले, १९२८ साली इंग्रजीत त्यावर पुस्तक लिहिले आणि १९३६ साली विलायतेस गेले तेव्हा तेथील वृत्तपत्रकर्तीलाही त्याची गोडी लावली. १९५१ साली ते वारले, वयाच्या त्र्याऐंशीच्या घरात.

आता पाहा. परदेशी शिक्षक त्यांनी टपालाने नेमला, आणि ज्याने मार्ग बदलला तो शेजारी होता, मित्र होता, मोबदला न मागणारा होता. नमस्कारांना साधन नाही, जागा हातभर, पैसा नाही. म्हणून हे उदाहरण देऊन कोणी म्हणेल, झाला निकाल, शिक्षक नको. आम्हांस तसे वाटत नाही. बाळासाहेबांकडे एक गोष्ट होती जी शंभरांत पाचांकडेही नसते: दहा वर्षे एकट्याने, कोणी विचारणारा नसताना, रोज पहाटे उठण्याचा नेम. सँडोचा मार्ग त्यांनी सोडला तो कंटाळून सोडला नाही. ज्यास असा नेम आहे त्यास शिक्षकाची गरज थोडी. ज्यास तो नाही तो बहुधा नेमच विकत घ्यावयास निघतो, आणि तो बाजारात मिळत नाही. शिक्षक दाराशी आला म्हणून माणूस उठतो. शिक्षक गावाला गेला की अंथरूण सोडीत नाही. असले उठणे फीच्या शेवटच्या महिन्याबरोबर संपते.

मग शिक्षक लागतो कशासाठी? एक उत्तर लोणावळ्यास मिळते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा, वडोदरा संस्थानातल्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांच्या आखाड्यात शिकले आणि पुढे नर्मदाकाठच्या माधवदासजींपाशी त्यांनी योग शिकून घेतला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. आसने, प्राणायाम यांचा देहावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांनी व मापकयंत्रांनी पाहावे, हा त्यांचा ध्यास. १९२७ मध्ये गांधीजींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली तेव्हा स्वामींनी त्यांस आसनांविषयी सल्ला दिला आणि दोघांत त्याविषयी पत्रव्यवहार झाला. येथे शिक्षक एका माणसाकडे पाहून, त्याचे दुखणे पाहून, त्याच्यापुरता व्यायाम बेततो आहे. आजारी, वयस्क किंवा शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस पुस्तकाच्या भरवशावर सोडता येत नाही. सुश्रुतानेही वय, बळ आणि शरीर पाहावयास सांगितले होते, आणि स्वतःचे बळ नीट जोखणारे रोगी थोडेच.

दुसरे उत्तर खाशाबा जाधवांच्या चरित्रात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल. वडील स्वतः कुस्तीगीर, आणि कोल्हापुरात वस्तादांची वाण नव्हती. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे माती नव्हती, गादी होती. नियम निराळे, गुण मोजण्याची रीत निराळी. त्या स्पर्धेच्या तयारीसाठी त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन मिळाले, आणि त्या अपरिचित जमिनीवर ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीस जाण्यासाठी पुन्हा पैशाची अडचण पडली. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर सात हजार रुपयांस गहाण टाकले. खाशाबांनी बँटम वजनगटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या हकिकतीत दोन खर्च आहेत आणि ते वेगळे आहेत. खाशाबांना दम कोणी विकत दिला नाही. तो गोळेश्वरच्या मातीतून आला होता. परक्या शिक्षकाने दिले ते परक्या जमिनीचे ज्ञान, आणि तेही ठरावीक कामासाठी. प्राचार्यांनी घर गहाण टाकले ते शिक्षकासाठी नव्हे, संधीसाठी. आज कोणी साठीच्या घरातील गृहस्थ आयुष्यात प्रथमच वजने उचलू पाहतो, तेव्हा ती गादी त्यालाही परकीच असते. पाठ कशी ठेवावी, श्वास कोठे सोडावा, गुडघा कोणत्या रेषेत असावा, हे आरशात दिसत नाही. तेथे गार्डनर हवा. तीन महिने हवा. तेरा वर्षे हवा असे नाही.

हा शिक्षक शिकलेला कोठे असतो? पूर्वी वस्तादाच्या अंगावरची माती हीच त्याची पदवी. विसाव्या शतकात विद्यालये निघाली: अमरावतीस १९१४ सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले, मद्रासला १९२० पासून वायएमसीएचे महाविद्यालय, आणि १९५७ साली, सत्तावनच्या स्वातंत्र्यसमराची शताब्दी म्हणून, ग्वाल्हेरीस लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय. तेथून बाहेर पडणारे पदवीधर बहुतांशी शाळांत व क्रीडासंस्थांत गेले. घरोघर जाणारा ट्रेनर हा पुष्कळदा निराळ्याच वाटेने आलेला असतो. काही आठवड्यांचा वर्ग, एक प्रमाणपत्र, आणि स्वतःचे दंड. वकिलीला किंवा वैद्यकीला जशी परिषदेची सनद लागते तशी या धंद्याला आपल्या देशात अद्याप लागत नाही. भौतिकोपचार करणाऱ्यांसाठी २०२१ साली कायदा झाला, तो यांना लागू पडत नाही. म्हणून चौकशीचा भार नेमणाऱ्यावरच पडतो. दंड पाहून नेमणूक करणे म्हणजे आवाज पाहून वकील नेमण्यासारखे आहे. आम्ही या उपमेचा अनुभव रोज घेतो.

कायद्याचे थोडे बोलून घेतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आणि त्यापूर्वीच्या १९८६ च्या कायद्यातही, पैसे देऊन घेतलेली 'सेवा' येते. मात्र 'व्यक्तिगत सेवेचा करार' वगळला आहे. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात उलगडला. ज्या नोकराला काय करावे आणि कसे करावे हे दोन्ही धनी सांगतो, तो पहिल्या वर्गातला. जो आपल्या कसबाने काम करतो आणि ज्यास कसे करावे हे गिऱ्हाईक सांगू शकत नाही, तो दुसऱ्या वर्गातला. दिवसातून तासभर येऊन स्वतःच्या ज्ञानाने व्यायाम करविणारा शिक्षक आमच्या मते दुसऱ्या वर्गात मोडतो, आणि त्याच्या हलगर्जीपणाने इजा झाली तर ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. राजाच्या पदरचा, सर्वकाळ नोकर असलेला वस्ताद या दारातून आला नसता. 'जे होईल ते माझ्या जबाबदारीवर' असा छापील कागद प्रथम दिवशी सहीसाठी पुढे येतो. तेवढ्याने निष्काळजीपणा सर्वस्वी धुतला जातो असे आम्ही मानीत नाही. पण गिऱ्हाइकाने हृदयाचे दुखणे लपविले असेल, तर त्याची बाजू तेथेच लंगडी पडते. दुखणे सांगावे, लेखी सांगावे. फीचे म्हणाल तर वर्षाची एकरकमी भरू नये. सवलत मोठी दिसते, परंतु तिसऱ्या महिन्यात मन उतरले की ती परत मिळविताना नाकी नऊ येतात.

इतके सांगितल्यावर आमचे मत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यास आजार नाही, चालणे, नमस्कार, पोहणे यांपैकी काही ठाऊक आहे आणि सकाळची वेळ हाताशी आहे, त्याने शिक्षक नेमू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचे आहे, आणि दोन दिवस स्नायूंच्या मेहनतीचे. त्यातले चालणे देवळाच्या फेऱ्यांतही भरून निघते. पासष्टीपुढच्या माणसाला तोल सांभाळण्याची मेहनतही आठवड्यास तीन दिवस सांगितली आहे. ती प्रथम कोणी हात धरून शिकवावी हे बरे, कारण पडून मांडीचे हाड मोडले की घराचे वर्ष बिघडते. त्यांनी, आणि दुखण्यातून उठलेल्यांनी, डॉक्टरांना विचारून, जाणत्या माणसास मुदत ठरवून नेमावे. शिक्षकाने पहिल्या दिवशी तुमचा इतिहास विचारला, आणि महिन्याभरात एखादी गोष्ट तुमच्यावर एकट्याने करण्यास सोडली, तर माणूस बरा मिळाला. जो पंधरवड्याने नवे यंत्र आणि नवी पूड विकावयास आणतो, त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

स्त्रियांच्या बाबतीत आमचा निकाल इतका कडक नाही. ज्या घरातल्या सुनेला मैदानावर पळण्याची मोकळीक अजूनही मनाने मिळालेली नाही, तिला एखादी शिक्षिका घरी येऊन तासभर शिकवीत असेल तर तो खर्च आम्ही अनाठायी मानणार नाही. तालमीने जे दार तिच्यासाठी कधी उघडले नाही, ते अशा रीतीने उघडत असेल तर उघडो. वडील पिढीने त्या पैशांचा हिशेब मांडताना, मुलाच्या क्रिकेटच्या सामानाचाही मांडावा.

आणि एक गोष्ट राहिली. आमच्या कित्येक देवळांच्या आवारात रिकाम्या अग्रशाळा आहेत. मारुतीच्या देवळामागे बुजलेले हौदे आहेत, ज्यांवर आज दुचाक्या उभ्या राहतात. चार सुखवस्तू घरे आपापल्या गच्चीवर चार शिक्षक नेमतात, तेव्हा एका वस्तादाचा पगार सहज निघेल एवढा पैसा गावातून जातो आणि गावातली उरलेली मुले पूर्वी होती तेथेच राहतात. तीच चार घरे एकत्र आली तर एक जाणता माणूस सकाळ-संध्याकाळ अग्रशाळेत बसू शकेल: पहाटे वृद्धांसाठी, दुपारी स्त्रियांसाठी शिक्षिका, तिन्हीसांजेला मुलांसाठी. दार कोणालाही बंद नाही, हे प्रथमच लिहून ठेवावे. देवस्थानच्या समितीने असे मनावर घेतलेच, तर नेमणुकीचा कागद समितीच्या नावाने करावा, अध्यक्षाच्या नावाने नव्हे. पगार महिन्याचा महिन्याला द्यावा. पहिली मुदत सहा महिन्यांची ठेवावी. आणि अपघाताचा विमा उतरविल्याखेरीज वजनांना कोणास हात लावू देऊ नये. मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत, आणि त्याची फी घेणार नाही.